हवेलीला बसने

परीक्षा घ्यायची हे मुलाने ठरवलं, पण पेपर आईने काढला.

आई म्हणजे टाचणीबाई. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात काढली होती. उंच, सडपातळ, आणि बोलणं नेमक्या जागी टोचणारं, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. ‘टाचणी नसली तर फुलपाखरू पेटीत जागेवर राहत नाही,’ एवढंच म्हणाल्या. पुढे शेजारीपाजारीही त्यांना टाचणीबाईच म्हणू लागले.

झालं होतं असं, की मध्यंतरी बाजारातून परतताना त्या भलत्याच थांब्यावर उतरल्या. रस्ता खणलेला, बस दुसरीकडून वळवलेली, फोनची बॅटरी संपलेली. पुढची बस कधी येते ते बघत त्या बाकावर शांत बसून राहिल्या, आणि इकडे मुलाने अर्धं शहर पालथं घातलं. सापडल्यावर त्या म्हणाल्या, “मी हरवले नव्हते. थांबा हलवला होता.” मुलाला हसू आलं नाही. आईला आता विसरायला होतं, हे त्याने मनात पक्कं केलं. आईचं घर विकायचं आणि तिला आपल्याकडे आणायचं. दलाल रविवारी घर बघायला येणार, हेही त्याने परस्पर ठरवून टाकलं.

“मला विसरायला होतं हे तुझं गृहीतक,” टाचणीबाई म्हणाल्या. “गृहीतक तपासल्याशिवाय निष्कर्ष काढतात का?”

“आई, घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.”

“म्हणूनच तिथे जास्त काळजी घ्यायची. मी एकटी लांब कुठेतरी जाते, बसने, कुणाची मदत न घेता, आणि अंधार पडायच्या आत परत येते. जमलं तर दलाल यायचा नाही, आणि हा विषय पुन्हा निघायचा नाही. नाही जमलं तर रविवारी मीच त्याला दार उघडीन.”

मुलाने बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी कबूल झाला. “बरं, त्या तळ्याकाठच्या बागेत जाऊन ये.”

“सोपा पेपर काढलास तर उद्या तूच म्हणशील, पेपर सोपा होता.”

त्यांनी निवडली डोंगरापलीकडची जुनी हवेली. एका जमीनदार घराण्याची, आता लोकांना बघायला खुली. तिथे सगळे गाडीनेच जात. बसने कसं यायचं असं फोन करून विचारलं, तर पलीकडच्या माणसाने ‘बसने?’ असं दोनदा विचारलं होतं. टाचणीबाईंना तेवढं पुरलं.

मुलाची एक अट होती. बरोबर साक्षीदार हवा. मदत करायची नाही, फक्त बघायचं. आणि साक्षीदार म्हणून त्याने सासूला पुढे केलं, म्हणजे टाचणीबाईंच्या विहीणबाईंना. विहीणबाई गोल, प्रेमळ आणि बोलक्या. गेल्या वर्षी आपलं घर मोडून त्या लेक-जावयाकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी हे काम इतकं मनावर घेतलं, की निघायच्या दिवशी सकाळी दोघींचे फोन बंद करून एका रुमालात गाठ मारून बांधले आणि ती पुरचुंडी टाचणीबाईंच्या पिशवीत टाकली.

“नियम म्हणजे नियम, विहीणबाई. मोह नको,” त्या म्हणाल्या. दोघी एकमेकींना विहीणबाईच म्हणत.

“तुमचा फोन कशाला बांधलात? परीक्षा माझी आहे.”

“अहो, तुम्ही चुकलात तर माझ्याच्याने गप्प बसवणार नाही. मीच लावीन जावईबापूंना. माझा मला भरवसा नाही ना!”

पहिली बस चौकापर्यंत, दुसरी डोंगर ओलांडून बाजारगावापर्यंत. दोन्ही बरोबर मिळाल्या. विहीणबाईंनी वाटेत जगातल्या सगळ्या विषयांवर बोलून घेतलं, फक्त बस सोडून. बाजारगावात टाचणीबाई फलाटांवरच्या पाट्या वाचत फिरू लागल्या, तेव्हा तर त्यांनी तोंडावर हात धरला.

“तुम्हाला माहीत आहे का कुठला फलाट?” टाचणीबाईंनी विचारलं.

विहीणबाईंनी मान हलवली. कुठल्या दिशेला हलवली ते कळू नये याचीही त्यांनी काळजी घेतली.

तिसरी बस लहान होती. शेतांमधून फिरत, वाडीवाडीला थांबत ती शेवटी हवेलीच्या मोठ्या फाटकाशी जाई. पण टाचणीबाईंनी नकाशा नीट बघितला होता. फाटकापर्यंत बस मोठा वळसा घेते; त्याआधीच हवेलीच्या रानाची मागची भिंत लागते, तिथे एक थांबा आहे आणि तिथून झाडीतून सरळ पायवाट. तिथे उतरलं तर वेळही वाचतो आणि रानही बघून होतं. हुशार माणसाला हुशारीच नडते, ती अशी.

थांबा आला. ड्रायव्हरने दार उघडलं. दोघी उठल्या, दाराशी आल्या आणि थांबल्या.

“उतरा,” विहीणबाई बाजूला सरून म्हणाल्या.

“नाही, तुम्ही आधी.”

“छे हो, मुलाच्या आई तुम्ही. मान तुमचा.”

“मान कसला, तुम्ही वयाने मोठ्या आहात.”

“पाच महिन्यांनी! पाच महिन्यांनी काय मोठी! उतरा बघू.”

लग्नापासून दोघींचं हे असंच चाललं होतं. दारातून आत जाताना, पाटावर बसताना, ताटातला शेवटचा तुकडा उचलताना. त्यात दोघीही हरायला तयार नसत. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, कुणीतरी उतरा!” तेव्हा टाचणीबाई उतरल्या, वळल्या आणि विहीणबाईंना हात द्यायला पुढे झाल्या. ड्रायव्हरला वाटलं, एक उतरल्या, दुसऱ्या पोचवायला आल्या होत्या. दार मिटलं. काचेमागे विहीणबाईंचं तोंड उघडं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यातून शब्द फुटत नव्हता. बस वळणाआड गेली.

टाचणीबाई रस्त्यावर उभ्या राहिल्या. छातीत धडधडत होतं. ते थोडं कमी होऊ दिलं आणि मग त्या विचार करायला लागल्या. घाबरलेल्या डोक्याने केलेलं निरीक्षण कागदावर घ्यायचं नाही, हे त्यांनी मुलांना जन्मभर सांगितलं होतं.

विहीणबाई पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येतील का? शक्य आहे. त्या थांबल्या. वळणावरून आधी एक सायकल आली, मग एक कुत्रं आलं, मग कुणीच नाही. म्हणजे विहीणबाई बसमध्येच असणार. बस शेवटी मोठ्या फाटकाशी जाणार. पण तिथे उतरायचं हे त्यांना कळेल का? आजवर त्या एकट्या कधी कुठे गेल्या नव्हत्या. आधी नवरा, मग लेक. फोन रुमालात, आणि रुमाल इथे पिशवीत.

पुरचुंडी बाहेर काढून त्यांनी हातात धरली. फोन लावला की परीक्षा संपली. रविवारी दलाल येणार, खोल्यांमधून पट्टी लावत फिरणार, खिडकीजवळच्या त्यांच्या कामाच्या टेबलाकडे बघून म्हणणार, हे निघेल ना? आणि नाही लावला, आणि त्या बाईचं काही बरंवाईट झालं तर?

त्यांनी मर्यादा घालून घेतली. हवेलीपर्यंत चालत जायचं. विहीणबाई तिथे असल्या तर ठीक. नसल्या तर त्याच क्षणी गाठ सोडायची. घर गेलं तरी चालेल, विहीण जायला नको. एवढं ठरल्यावर पुरचुंडी आत ठेवून त्या निघाल्या.

भिंतीतलं छोटं फाटक बंद होतं. ‘दुरुस्तीसाठी’, अशी पाटी. भिंत कमरेइतकी, वरचे दगड सुटलेले. टाचणीबाईंनी दोन्हीकडे बघितलं. मग पिशवी पलीकडे सोडली, म्हणजे आता परत फिरायचा प्रश्न उरला नाही, आणि भिंतीवर बसून एकेक पाय पलीकडे घेतला. गुडघा कुरकुरला. त्याचं कुणी ऐकलं नाही.

पायवाट चिखलाची होती. झाडी चांगली होती, एरवी त्या पानाखालची अंडी बघत रेंगाळल्या असत्या. आज नजर फक्त पावलांवर. चढ आला, उतार आला, आणि झाडं संपली तशी हवेली एकदम समोर आली. पण मागून. मागून मोठी घरंसुद्धा साधीच असतात. सांडपाण्याचे नळ, कोळशाची खोली, कपडे वाळत घालायच्या तारा, आणि एक रुंद दार, ज्यातून मालक मंडळी कधी गेली नसतील.

त्या दारातून टाचणीबाई आत शिरल्या. ते स्वयंपाकघर होतं, एखाद्या वर्गाएवढं. भिंतीवर तांब्याची भांडी उतरत्या मापाने टांगलेली. दाराजवळ गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक रखवालदारीण खुर्चीवर बसली होती. तिच्या हातातली वॉकीटॉकी खरखरत होती.

“...पुन्हा सांगतो. वयस्कर बाई. उंच, बारीक. करडा स्वेटर, चष्म्याला दोरी. थोडं विसरायला होतं. दिसल्यास फाटकाशी कळवा...”

रखवालदारणीने टाचणीबाईंकडे बघितलं. आधी स्वेटरकडे, मग चष्म्याच्या दोरीकडे, मग चिखलाने भरलेल्या बुटांकडे.

“आजी,” ती फार गोड आवाजात म्हणाली, “इकडे बसता का जरा?”

“मी हरवलेली नाही. मी हरवलेल्या बाईला शोधायला आलेय.”

“हो हो. बसा तर खरं.”

“बुटक्या, गोल, निळी शाल. सारख्या बोलतात.”

“त्यांनीच तर तुमची तक्रार दिली आहे!”

टाचणीबाईंनी श्वास सोडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण पाठोपाठ दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. ‘थोडं विसरायला होतं.’ हे फाटकाशी कुणी सांगितलं?

विहीणबाई तिकीटघरात गरम चहाचा कप हातात धरून बसल्या होत्या. टाचणीबाईंना बघताच त्या उठल्या, रडल्या, आणि रडता रडताच ओरडल्या. “कुठे होतात तुम्ही? जीव टांगणीला लागला ना माझा!”

“जिथे उतरायचं होतं तिथे उतरले, आणि जिथे यायचं होतं तिथे आले. मला विसरायला होतं, हे तुम्ही सांगितलंत?”

विहीणबाईंनी डोळे पुसायचं निमित्त केलं.

“अहो, नुसतं ‘बाई हरवली’ म्हटल्यावर ते हलेचनात. ‘येतील हो मागून’ म्हणाले. मग जरा तिखटमीठ लावलं.”

“तिखटमीठ माझ्या डोक्याला लावलंत!”

“आणि...” विहीणबाईंचा आवाज खाली आला. “नंबर मला एकही पाठ नाही, पण लेकीच्या ऑफिसचं नाव पाठ आहे. या तिकीटघरातल्या लोकांनी तिथे फोन केला. जावईबापू निघालेत.”

टाचणीबाईंनी पुरचुंडी बाहेर काढली. गाठ सोडून त्यांनी फोन सुरू केला आणि मुलाला लावला. आता तो लावायलाच हवा होता. मूल घाबरं होऊन गाडी चालवत असेल तर नियम कसले. घंटा वाजत राहिली. गाडी चालवताना तो फोन घेत नसे, चांगली सवय होती. मग सुनेला लावून ‘आम्ही दोघी ठीक आहोत’ एवढा निरोप दिला आणि फोन ठेवला.

“संपलं म्हणायचं,” विहीणबाई म्हणाल्या. “माझ्यामुळे.”

“काय संपलं? मी मदत मागायची नाही, असा नियम होता. मी मागितली नाही. मदत परीक्षकाने मागितली.”

“मग?”

“मग काही नाही. परीक्षकाने हरवू नये असं कुठे ठरलं नव्हतं. चला, आलोय तर हवेली बघू.”

“आत्ता? माझे पाय मोडलेत!”

“माझेही. चला.”

आणि त्यांनी हवेली बघितली, प्रत्येक खोली. लांबलचक जेवणघर, टेबलावर मेणाची फळं. पाहुण्यांची खोली, बायकांची बसायची खोली, नुसती पत्ते खेळायची खोली. विहीणबाई दर खोलीत एकच विचारत होत्या, “एवढं सगळं पुसत कोण असेल हो?” खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून प्रत्येक गादीवर एक वाळकं, काटेरी फळ ठेवलेलं होतं. विहीणबाई एका खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्या फळाकडे बघितलं, आणि खुर्चीच्या पाठीला हात टेकला.

“आमच्या घरात मला असंच वाटतं,” त्या म्हणाल्या. “लेकीच्या, म्हणजे. जावई गुणाचे आहेत, लेकही काही कमी पडू देत नाही. पण कुठे बसायचं ते आधी बघावं लागतं. चहाचं भांडं मी माझ्या मनाने खालच्या फळीवर ठेवलं, तर संध्याकाळी ते वर गेलेलं असतं. कुणी बोलत नाही. नुसतं वर जातं.”

टाचणीबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“खरं सांगू? तुम्ही नापास झालात तर बरं, असं वाटत होतं मला. दिवसभर दोघं कामावर. दुपारी भिंतींशी किती बोलायचं? तुम्ही आलात तर भांडायला तरी कुणी असेल.”

“भांडायला घर कशाला विकायला पाहिजे? तुमच्याकडून माझ्याकडे सरळ एकच बस येते.”

“मला एकटीला कुठली येतेय बस!”

“आज तुम्ही एकट्या बसने हवेलीला आलात.”

विहीणबाईंनी खुर्चीवरचा हात काढला. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला त्यांनी स्वतः विचारलं होतं, फाटकाशी चारचौघांना त्यांनीच कामाला लावलं होतं.

मुलगा मोठ्या जिन्याखाली भेटला. केस विस्कटलेले, किल्ल्या मुठीत. त्याने आधी आईला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग सासूला, आणि मग त्याला राग आला.

“बास, आई! चल, गाडीत बस. पुरे झालं हे.”

“काय पुरे झालं?”

“तू हरवलीस!”

“कोण म्हणतं?”

“अख्खं ऑफिस म्हणतंय!”

“ऑफिसने बघितलं का? साक्षीदार तू नेमलास ना? त्यांना विचार.”

मुलगा सासूकडे वळला. विहीणबाईंनी शाल सारखी केली. जावयासमोर त्या नेहमी जरा नरमच बोलत.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “हरवले मी. बसमध्ये राहिले ती मी. ह्या ठरल्या जागी उतरल्या, भिंत चढून आल्या...”

“भिंत?”

“...आणि मला शोधत ठरल्या जागी पोचल्या. विसरण्याचं ते मी पदरचं घातलं होतं, माणसं हलावीत म्हणून. अजून परत जायचं बाकी आहे. आत्ता गाडीत बसल्या तर नापास. बसने गेल्या तर पास. मी साक्षीदार आहे, मी सांगते.”

“आई, तुम्ही तरी...” तो सासूला म्हणाला.

“नियम म्हणजे नियम.”

“ठीक आहे. मग तुम्ही तरी गाडीत या. पाय दुखतायत तुमचे.”

विहीणबाईंनी गाडीच्या दिशेने एकदा बघितलं. मऊ गाद्यांची आठवण त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसली. “साक्षीदार गाडीत आणि परीक्षा बसमध्ये, असं कुठे असतं का?” त्या म्हणाल्या, आणि थांब्याकडे चालू लागल्या.

लहान बस शेतांमधून परत निघाली. मागोमाग मुलाची गाडी. बस वाडीला थांबली की गाडी थांबे, बस निघाली की गाडी निघे. विहीणबाई मागची काच पुसून पुसून बघत होत्या. “येतायत हो. आता म्हशी आडव्या आल्यात. आता नाहीत दिसत. आले, आले.” सगळी बस मागे वळून बघू लागली. टाचणीबाई मात्र पुढे बघत बसल्या होत्या. बाजारगावातली पुढची बस चुकली तर अंधाराच्या आत दुसरी मिळायची नाही, हे त्यांना पाठ होतं.

बाजारगावच्या तळावर मुलाने गाडी बाहेर लावली आणि फलाटावर आला. गर्दी होती, पाट्या बदलत होत्या. “कुठली तुमची?” त्याने विचारलं. टाचणीबाई आधीच रांगेत उभ्या होत्या.

“ही. पलीकडची लांबून जाते.”

तो शेजारी उभा राहिला. किल्ल्या खिशात टाकल्या. मग म्हणाला, “आई, त्या दिवशी तू बाकावर बसली होतीस ना, तेव्हा मी दवाखानेसुद्धा शोधून आलो होतो.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. आवाज टोचणारा नव्हता. “फोन भरून ठेवायला हवा होता मी. आता रोज ठेवते. पण तू घाबरलास म्हणून मी घर सोडायचं, हे औषध चुकीच्या माणसाला झालं.”

त्याने मान हलवली. “बरं. मी बोलतो दलालाशी. उद्या.”

“आत्ता बोल.”

“इथे?”

“इथे. साक्षीदार आहे तोवर.”

बस लागली. दार उघडलं, रांग पुढे सरकली. विहीणबाई चढल्या, जागा धरली आणि खिडकीतून दोघांकडे बघत राहिल्या. टाचणीबाईंनी मागच्यांना पुढे जाऊ दिलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. मुलाने फोन कानाला लावला. इकडचं तिकडचं बोलू लागला, हवा कशी आहे, धंदा कसा आहे. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. ड्रायव्हरने बस सुरू केली.

“नाही, रविवारी येऊ नका,” मुलगा म्हणाला. “नाही, पुढच्याही नको. आई... आई राहणार आहे तिथे. हो. घर विकायचं नाही.”

तेवढं ऐकलं आणि टाचणीबाई बसमध्ये चढल्या.